‘फुकटच्या सॉफ्टवेअरचे पैसे घेतले’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं असं: डिलीट झालेल्या फायली परत मिळवणारं फोटोरेक हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, तरी आम्ही त्याचेच ३,५०० रुपये घेतले, एका डिस्कला चार दिवस लावले, आणि परत मिळालेल्या फोटोंची नावं गेली, काही व्हिडिओ अर्ध्यात थांबतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आमच्याकडे डेटा परत मिळवायला डिस्क घेऊन येणाऱ्या बऱ्याच जणांना हेच विचारायचं असतं, म्हणून इथेच सविस्तर लिहितो. डिस्कमध्ये काय होतं याबद्दल मात्र इथे एक शब्दही लिहिणार नाही, तो तुमचा खासगी मामला आहे.

फोटोरेक फुकट आहे, अगदी खरं. क्रिस्तोफ ग्रेनिए यांनी लिहिलेली टेस्टडिस्क आणि फोटोरेक ही जोडी कुणीही डाउनलोड करून वापरू शकतं. आम्हीही तीच वापरतो आणि काउंटरवर तसं सांगतो. कॅमेऱ्याच्या कार्डावरून चुकून फोटो डिलीट झाले आणि कार्ड धडधाकट असलं, तर आम्ही गिऱ्हाइकाला घरीच करायला सांगतो. कार्डावर नवीन काही भरू नका, सापडलेले फोटो दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवा, एवढं पाळलं की पुरे. त्याचे पैसे कशाला द्यायचे?

तुमची डिस्क धडधाकट नव्हती, ती पडलेली होती. क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं आणखी एक फुकट सॉफ्टवेअर आम्ही तुमच्यासमोर उघडलं, तेव्हा पिवळ्या रंगात ‘कॉशन’ दिसत होतं आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’च्या ओळीत शून्य असायला हवं तिथे आकडा होता. म्हणजे स्वतःचेच काही भाग त्या डिस्कला वाचता येत नव्हते. घरी रात्रभर लावलेला स्कॅन एकाच टक्क्यावर अडकून बसला, असं तुम्ही रिव्ह्यूत लिहिलंय, त्याचंही कारण हेच. खराब सेक्टर (डिस्कवरचा डेटा साठवायचा छोटा कप्पा) लागला की डिस्क तोच तोच भाग पुन्हा वाचायला बघते, सॉफ्टवेअर थांबून राहतं, आणि आधीच दुखावलेलं हेड, म्हणजे डेटा वाचणारा भाग, त्याच जागी राबत राहतं. फिरत्या तबकडीपासून ते हेड काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. अशा डिस्कचा प्रत्येक तास मोलाचा असतो, आणि तो फायली शोधण्यात घालवला तर पुढे वाचायला डिस्कच उरत नाही.

म्हणून आम्ही आधी अख्ख्या डिस्कची नक्कल (इमेज) काढतो. त्यासाठी जीएनयू डीडीरेस्क्यू वापरतो. अंतोनियो दियास दियास यांनी २००४ पासून सांभाळलेलं हे सॉफ्टवेअरही फुकटच आहे. आधी ते सहज वाचता येणारा भाग भराभर उचलतं, अडलं की तिथून उडी मारून पुढे जातं, आणि खराब पट्ट्यांकडे शेवटी वळतं, उलट्या दिशेनेही वाचून बघतं. कुठला भाग मिळाला, कुठला राहिला, याची नोंद मॅप फाइलमध्ये होत जाते, त्यामुळे काम मध्येच थांबवून डिस्क थंड होऊ देता येते. चार दिवस गेले ते इथे. चांगल्या भागात सेकंदाला शेकडो नाही तरी बरेच एमबी येतात, पण खराब पट्ट्यात तोच वेग काही केबीवर येतो, कधी शून्यावर थबकतो. तिथे घाई केली की डिस्क जाते. ३,५०० रुपये या कामाचे आहेत. पावतीवरही ‘इमेजिंग’ असंच लिहिलंय. हेड बदलायची वेळ आली असती, तर धूळमुक्त खोली असलेल्या लॅबकडे पाठवावं लागलं असतं आणि खर्च कितीतरी पटींनी वाढला असता. तुमच्या डिस्कला ती गरज नव्हती, आणि ती आहे असं सांगून आम्ही तुम्हाला घाबरवलं नाही.

आता नावांचं. नक्कल हाती आल्यावर आधी टेस्टडिस्कच लावलं, कारण त्यात नावं आणि फोल्डर टिकतात. पण फायलींची यादी जिथे असते, नेमका तोच भाग खराब निघाला. एनटीएफएसमध्ये, म्हणजे विंडोजच्या फायली ठेवायच्या पद्धतीत, या यादीची जोडप्रत असते, पण ती फक्त पहिल्या काही नोंदींची. मग फोटोरेक. ते यादीकडे बघतच नाही, फायलीची सुरुवात ओळखतं. जेपीईजी असेल तर ‘एफएफ डी८ एफएफ’ हे बाइट दिसले की फोटो उचलतं. नाव त्या फोटोत नसतंच, म्हणून तुम्हाला ‘एफ’ आणि पुढे लांबलचक आकडे दिसतात. मोठे व्हिडिओ डिस्कवर तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले असतात. यादीशिवाय पुढचा तुकडा कुठला ते कळत नाही, त्यामुळे काही अर्ध्यात थांबतात. हे होऊ शकतं, असं काम घेतानाच सांगितलं होतं.

एक गोष्ट अजून करता येईल. कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोच्या आत तारीख आणि वेळ असते. त्यावरून सगळे फोटो वर्ष-महिन्याप्रमाणे लावून देतो, वेगळे पैसे नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोंत ती माहिती उरत नाही, ते वेगळ्या फोल्डरमध्ये राहतील. परत मिळालेला डेटा असलेली ड्राइव्ह आणि पावती घेऊन या. मूळ डिस्क मात्र तोवर कुठेही जोडू नका, आणि विंडोजने ‘फॉरमॅट करू का’ किंवा ‘स्कॅन अँड फिक्स’ विचारलं तर नाही म्हणा. तुमची इमेज अजून आमच्याकडे आहे. तुम्ही सांगितल्याशिवाय ती पुसणार नाही.