तेरच्या वस्तू तेरलाच राहू द्या

खेड्यात काही जुनं आणि देखणं सापडलं की त्याची पाठवणी मुंबईला नाहीतर दिल्लीला करायची, ही आपली जुनी खोड. गावात मग उरतो तो एक गंजका फलक. तेरचं नशीब वेगळं निघालं. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरणाकाठच्या या गावात जे सापडलं त्यातलं पुष्कळसं गावातच आहे, आणि ते तिथेच राहावं असं माझं ठाम मत आहे. आमच्या भाऊजींचं मत नेमकं उलटं. "मुंबईला ठेवलं असतं तर लाखो लोकांनी बघितलं असतं. इथं कोण येतंय?" लातूरहून निघालो तेव्हापासून तेर येईपर्यंत गाडीत हाच विषय चालला होता. मुलं कंटाळली, सासूबाई झोपल्या.

सासूबाईंना संग्रहालयाशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांना गोरोबाकाकांच्या समाधीचं दर्शन घ्यायचं होतं. मुलांना हॉटेलात जेवायचं होतं. संग्रहालय बघायची हौस माझी एकटीची.

आधी संग्रह कुणाचा ते सांगते, कारण माझ्या मताचा अर्धा पाया तोच आहे. रामलिंगप्पा लामतुरे हे याच गावचे. तेरच्या आसपास पांढरीची टेकाडं आहेत, जुनी वस्ती पोटात घेऊन बसलेली. पाऊस पडून गेला की माती धुपते आणि मणी, नाणी, मातीच्या बाहुल्या वर येतात. लोकांना ते लेकरांचं खेळणं वाटायचं. रामलिंगप्पांनी ते गोळा करायला घेतलं आणि जन्मभर केलं. पदवी नाही, पद नाही, सरकारी आदेश नाही. पुढे हा खजिना शासनाकडे आला आणि संग्रहालयाला त्यांचं नाव मिळालं. हजारोंनी वस्तू आहेत. हा माणूस नसता तर त्यातल्या निम्म्या तरी कुणाच्या तरी बंगल्यातल्या शोकेसमध्ये गेल्या असत्या.

आता तेर म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्यानं आपल्याकडच्या समुद्री व्यापाराची माहिती लिहून ठेवली. 'पेरिप्लस' म्हणून ती ओळखली जाते, लिहिणाऱ्याचं नाव मात्र कळत नाही. त्यात दक्षिणेतल्या दोन मोठ्या बाजारपेठा येतात. एक पैठण, गुजरातेतल्या भडोच बंदरापासून २० दिवसांच्या वाटेवर. दुसरी तगर, पैठणहून आणखी १० दिवसांवर. तगरहून साधं कापड, तलम कापडाचे नाना प्रकार आणि किनाऱ्याकडून तिथे आलेला माल गाड्यांत भरून, वाटा नसलेल्या मुलखातून भडोचला जायचा आणि तिथून जहाजांनी पश्चिमेला. हे तगर कुठलं यावर विद्वानांचे बरेच वाद झाले. कुणी जुन्नर म्हणालं, कुणी धारूर, कुणी देवगिरी. १९०१ साली शिलालेखांचे अभ्यासक फ्लीट यांनी तेरकडे बोट दाखवलं आणि पुढच्या उत्खननांनी त्याला बळ दिलं. शिलाहार राजे तर कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करतानाही स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर', म्हणजे तगर नगरीचे स्वामी, म्हणवून घ्यायचे. मूळ गावाचा एवढा तोरा!

हे सगळं मी दारातच मुलांना सांगितलं. पुतण्यानं विचारलं, "काकू, मराठवाड्यातून कापड परदेशात? मग तेव्हा पाऊस पडायचा का?"

हसू आलं, पण प्रश्न खोटा नाही. आमच्याकडची लेकरं दुष्काळ, टँकर आणि 'मागास' हे शब्द ऐकतच मोठी होतात. लातूरला २०१६ साली रेल्वेनं पाणी आलं, हे त्यांना पाठ आहे. याच मातीतून रोमन जगाकडे माल जात होता, हे त्यांना कुणी सांगायचं? मुंबईच्या काचेमागे ठेवलेल्या वस्तूखाली 'तेर, इ.स. १ ले शतक' अशी चिठ्ठी असेल, पण ती वाचून आमच्या पोरांना आपलं काही वाटणार नाही. इथे मात्र बाहेर पडलं की तेच टेकाड, तीच नदी, आणि टपरीवर चहा पिणारी माणसं त्याच गावची.

वस्तूंकडे येते. सगळ्यात जास्त वेळ आम्ही घालवला तो मातीच्या बाहुल्यांपाशी. साच्यातून काढलेल्या, काही केओलिन नावाच्या पांढऱ्याशा मातीच्या. त्यांची रीत अशी: पुढचा भाग एका साच्यात, पाठीचा दुसऱ्या साच्यात, आणि मग दोन्ही जोडून भाजायचं. बाहुली आतून पोकळ राहते. कडेनं नीट पाहिलं तर सांधा कळतो. केसांचा थाट, कानातली जड कुंडलं, गळ्यातल्या माळा इतक्या बारीक की लेक म्हणाली, "आई, हिची हेअरस्टाइल करायला तास लागला असेल." अशी एखादी बाहुली फुटली की आतल्या पोटात माती दाबणाऱ्या बोटांचे ठसे दिसतात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराची बोटं. भाऊजी तिथे पहिल्यांदा गप्प झाले. फार वेळ नाही.

दुसरी गंमत म्हणजे रोमन नाण्यांच्या मातीतल्या नकला. नाणं मातीवर दाबून छाप घ्यायचा आणि गळ्यात घालायला भोक ठेवायचं. खरं सोन्याचं नाणं परवडत नसेल त्यांनी हे मिरवायचं, आजच्या एक ग्रॅम सोन्याच्या दागिन्यासारखं. जावेला हे सगळ्यात आवडलं.

शंखाच्या बांगड्याही तेरला मिळाल्या आहेत. समुद्र कुठे आणि तेर कुठे! पेरिप्लसमधलं 'किनाऱ्याकडून आलेला माल' हे नुसतं वाचलं तर डोक्यावरून जातं.

आणि ती हस्तिदंती स्त्री. लहानशी, दागिन्यांनी मढलेली. १९३८ साली इटलीत पाँपेईच्या उत्खननात अशीच एक भारतीय हस्तिदंती मूर्ती निघाली. ते शहर इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे मूर्ती त्याआधीच तिथे पोचली होती. लोक तिला पाँपेईची लक्ष्मी म्हणतात, पण ती यक्षी असावी असं बरेच अभ्यासक मानतात. तिच्या डोक्यात वरून भोक आहे, त्यामुळे आरशाची मूठ की आसनाचा पाय, हा वाद अजून मिटलेला नाही. आधी ती मथुरेकडची समजत. मग तेर आणि जालन्यातल्या भोकरदनला तिच्या जवळच्या नात्यातल्या मूर्ती मिळाल्या आणि अभ्यासकांची नजर आमच्याकडे वळली. पाँपेईची मूर्ती आज नेपल्समध्ये आहे, सापडली त्या जागेपासून फार लांब नाही. भाऊजींना मी हेच विचारलं: इटलीवाल्यांनी ती आपल्या भागात ठेवलेली चालते, मग आपल्या वस्तूंना मुंबई का हवी?

त्यांचं उत्तर तयार होतं: सुरक्षा, योग्य हवा राखण्याची सोय, तज्ज्ञ माणसं, पैसा. हे मुद्दे खरे आहेत, ते मी उडवून लावत नाही. हस्तिदंताला हवा सोसत नाही, लाकडाला वाळवी सोसत नाही. पण मग तज्ज्ञ आणि पैसा तेरला पाठवा ना! वस्तू हलवणं सोपं पडतं म्हणून दर वेळी वस्तूच हलवायची? आणि मोठ्या शहरात गेलं की सगळं मांडून ठेवतात असंही नाही. कुठल्याही मोठ्या संग्रहालयात मांडलेल्यापेक्षा कोठारात असलेलंच जास्त असतं.

संग्रहालयानंतर त्रिविक्रमाचं मंदिर पाहिलं. विटांचं, मागून अर्धगोल, वर हत्तीच्या पाठीसारखं छप्पर. मुळात बौद्ध चैत्य, म्हणजे प्रार्थनास्थळ, असावं असं मानतात. अजिंठ्याला डोंगरात कोरलेला आकार इथे विटांनी रचलेला दिसतो. आता आत त्रिविक्रम विष्णू आहे, आणि नामदेवांनी इथे कीर्तन केलं असं गाव सांगतं.

शेवटी सासूबाईंचं दर्शन. समाधीपाशी त्यांनी मुलांना थापटण्याची गोष्ट सांगितली: गोरोबाकाकांनी एकेका संताच्या डोक्यावर थापटून पाहिलं, नामदेव कुरकुरले, आणि हे मडकं कच्चं ठरलं. सांगता सांगता त्यांनी प्रत्येकाच्या डोक्यात एकेक टपली दिली. भाऊजींच्यासुद्धा. पुतण्या म्हणाला, "मग त्या बाहुल्या काकांनीच केल्या का?" नाही रे, काका तेराव्या शतकातले, बाहुल्या त्याच्याही हजारएक वर्षं आधीच्या. पण गावाला मातीचं वेड तेव्हापासूनचं, एवढं पोरानं बरोबर पकडलं.

मुलाच्या शाळेची सहल यंदाही वॉटर पार्कला ठरली आहे. पालकसभेत मी तेरचं नाव काढलं तर "तिथं बघण्यासारखं काय आहे?" असं विचारण्यात आलं. पुढच्या सभेला त्या बाहुल्यांचे मोठे फोटो छापून नेणार आहे. भाऊजी म्हणाले, छपाईचा खर्च त्यांचा, पण वाद अजून संपलेला नाही.