तार आली का?

मोरावळा न आवडणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. मोरावळा खाणाराही फारसा भेटलेला नाही. विषय निघाला की मंडळी डोळे मिटून म्हणतात, "अहाहा! पित्तावर याच्यासारखं दुसरं काही नाही." बरणी पुढे केली की लगेच, "आत्ता नको, नुकताच चहा झालाय." सगळ्यांच्या आदराचा आणि कुणाच्याच भुकेचा नसलेला असा हा पदार्थ. पण मराठी घरात तो असलाच पाहिजे. आणि असायचा म्हटलं की दरवर्षी कुणीतरी तो करायलाही हवा.

तुळशीचं लग्न लागेपर्यंत आमच्याकडे आवळा तोंडाला लावत नाहीत. लग्न लागलं की आई मला मंडईत पिटाळते. तिथेच पहिला पेच. एकीकडे बनारसी, चकैया असल्या ऐटबाज नावांचे कलमी आवळे, गलेलठ्ठ आणि नितळ. दुसरीकडे डोंगरी, छोटे, चेहऱ्यावर डाग वागवणारे. आईचं म्हणणं, औषध म्हणून करायचाय तर डोंगरीच हवेत. बायकोचं म्हणणं, औषध हवं असेल तर दुकानात मिळतं, आपण खायचा पदार्थ करतोय. अर्धे-अर्धे घेऊन दोघींना खूश करावं, तर लहान आवळे शिजून फुटायला येतात तेव्हा मोठे अजून कच्चेच असतात. शेवटी निकाल भाजीवाल्या मावशी देतात. त्यांच्याकडे जे जास्त उरलंय, ते यंदा चांगलं असतं.

घरी आल्यावर टोचणं. हे खातं माझ्याकडे आहे, कारण त्यात अक्कल लागत नाही अशी घरात समजूत आहे. आवळ्याची साल मेणचट. टोचल्याशिवाय पाक आत शिरतच नाही. काटा घ्यायचा तो स्टीलचा; लोखंड लागलं की आवळा काळा पडतो. आवळ्यावर देठापासून खालपर्यंत सहा पुसट रेघा असतात. त्यांच्या मधल्या प्रत्येक फाकेत काटा थेट बीपर्यंत घालायचा. बीवर टेकला की बोटांना बारीकसा 'टक्' कळतो. तो कळेपर्यंत आवळा हातात राहिला तर! ओला आवळा निसटण्यात पटाईत. एक फ्रिजखाली गेला. झाडू घालून काढायला गेलो, तर आधी मागच्या मोसमातला बाहेर आला. तो तिथल्या तिथे, कुणाच्याही मदतीशिवाय, आवळासुपारी झाला होता.

मग आवळे भिजत घालायचे, पण कशात? आईचा पक्ष चुन्याच्या निवळीचा: चुन्याने फळ घट्ट राहतं, शिजताना फुटत नाही. बायकोचा पक्ष तुरटीच्या पाण्याचा. दोघींनी एक वर्षाआड असं ठरवून घेतलंय. यंदा चुना झाला, म्हणजे पुढच्या खेपेला तुरटी. इतका शब्द पाळून सत्तेची वाटणी मंत्रालयातही होत नसेल.

पण खरा छळ पाकाचा. परक्या माणसाला वाटेल, घट्ट पाक केला, आवळे टाकले, संपलं. तसं केलं तर पाक आवळ्यातलं पाणी भसाभस ओढून घेतो आणि आवळा म्हातारा होतो. म्हणून पाक आधी पातळ ठेवायचा. दुसऱ्या दिवशी आवळ्याने पाणी सोडून तो आणखी पातळ केलेला असतो. आवळे निथळून बाजूला काढायचे, पाक आटवायचा, आवळे पुन्हा आत. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी घराच्या दाराची कडीसुद्धा चिकट लागते, आणि आतल्या खोलीतून आई विचारते, "तार आली का रे?"

तार बघायची म्हणजे उकळत्या पाकाचा थेंब अंगठा आणि तर्जनीत धरून बोटं हळूच फाकवायची. वाफेने चष्म्यावर धुकं. बोट भाजलेलं. तार आली की नाही ते फक्त आईला दिसतं, तेही चष्म्याशिवाय. "एकच आलीय. अजून आटव."

यावर उपाय म्हणून बायकोने पाकात बुडवायचा तापमापक आणला. तिचं गणित पक्कं: पाकात शंभरात अडुसष्ट भाग साखर झाली की बुरशी आणि किण्व यांचं काही चालत नाही, आणि असा पाक साधारण १०५ अंशांना उकळतो.

पण काटा १०३ वर आला आणि आई म्हणाली, "झाला. उतरव."

"आई, अहो अजून दोन अंश बाकी आहेत," बायको म्हणाली.

आईने पाकाचे दोन धागे बोटांवर दाखवले. बायकोने मोबाइलमध्ये डोकं घातलं आणि थोड्या वेळाने ते वर काढून नाराजीने जाहीर केलं की पुणं समुद्रसपाटीपासून ५६० मीटर उंच असल्याने इथे पाणी ९८ अंशांनाच उकळतं, तेव्हा १०३ बरोबर आहे. पुण्यात पाणीसुद्धा लवकर तापतं, हे ऐकून आईला अजिबात आश्चर्य वाटलं नाही. तापमापक आता माझा मुलगा अंघोळीच्या बादलीत बुडवतो.

वेलदोडा, केशर घालून मोरावळा गार झाला, चिनी मातीच्या बरणीत गेला, वर दादरा बांधला गेला. अर्धपारदर्शक, मधाच्या रंगाचे आवळे. खोटं कशाला बोलू, देखणे झाले होते. छोट्या बाटल्या भरून मी वाटपाला निघायच्या बेतात होतो, म्हणून आधी आत्याला फोन केला.

"मोरावळा? वा! अरे, पित्ताने हैराण झालेय मी. पण आत्ता केलेला नको हं, तो कच्चा लागतो. मागच्या वर्षीचा असेल ना एखादी वाटी? चांगला मुरलेला?"

"मागच्या वर्षीचा तुलाच दिला होता की आत्या!"

"हो का? मग असेल कुठेतरी फडताळात. तेव्हा नवा होता ना, म्हणून ठेवून दिला असेल. बघते हं."