‘फावेला’ खुर्ची: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. कॅम्पाना बंधू या ब्राझीलच्या फर्निचर डिझायनरांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की त्यांच्या खुर्च्या म्हणजे पैसेवाल्यांची खेळणी आहेत. फळकुटं कशीही ठोकायची, वर झोपडवस्तीचं नाव द्यायचं आणि गरिबीवर कमवायचं. तुमच्या गावच्या सुतारांनी उरल्यासुरल्या सागाचं सुंदर बाकडं केलं, त्यांना मात्र कुणी विचारलं नाही.

नाव आणि किंमत यावर माझा तुमच्याशी वाद नाही. १९९१ साली साओ पाउलोत घडलेली ‘फावेला’ २००३ पासून एड्रा ही इटालियन कंपनी बनवते, आणि फावेलात, म्हणजे ब्राझीलमधल्या झोपडवस्तीत, राहणाऱ्याला ती परवडणारी नाही. हे टोचायलाच हवं.

पण ‘कशीही ठोकलेली’ हे मी मान्य करणार नाही. पाइनची एकेक पट्टी हाताने चिकटवून, खिळ्याने बसवतात. म्हणून दोन खुर्च्या सारख्या निघत नाहीत. १९९३ ची ‘वेर्मेल्या’ ही दोरीची खुर्ची तर याहून अवघड. या दोघा भावांपैकी उंबेर्तो शिकला वकिली, फर्नांदो वास्तुरचना. रस्त्यावरच्या दुकानातून आणलेली दोरी त्यांनी टेबलावर टाकली आणि तिचा झालेला गुंताच त्यांना आवडला. एका खुर्चीला सुमारे ५०० मीटर दोरी लागते. आधी धातूच्या सांगाड्यावर घट्ट विणायचं, मग वेटोळी सैल सोडत गुंफत जायचं. या विणीचा आराखडा कागदावर काढता येईना, म्हणून इटलीतल्या कारागिरांसाठी विणकामाचा व्हिडिओ पाठवावा लागला. कुठलं वेटोळं किती सैल सोडायचं हे विणणाऱ्याचा हातच ठरवतो. बाज विणणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगावं लागणार नाही.

खेळण्यांचं म्हणाल, तर त्यांच्या ‘बांकेते’ खुर्चीवर खरोखरच कापडी प्राणी शिवलेले आहेत! बसायच्या वस्तूने माणसाला हसवलं, तर त्यात कमीपणा कसला?

तुमच्या सुतारांची उपेक्षा मात्र खरी आहे, आणि ती आपण करतो. आपण त्यांच्यापुढे मोबाइलवरचा फोटो धरतो, ‘अस्संच हवं’ म्हणतो, सनमायकाचा नंबरसुद्धा आपणच सांगतो. तुमच्या मनात काय आहे, असं त्यांना विचारणारं गिऱ्हाईक मी फारसं पाहिलेलं नाही. कॅम्पाना स्वतःच्या स्टुडिओचे मालक होते, म्हणून त्यांना ती मोकळीक मिळाली.

त्या बाकड्याचे फोटो जरूर पाठवा, खालच्या बाजूचेही. तुकडे कसे सांधलेत ते पाहायचंय. सुतारांची हरकत नसेल तर पुढचा लेख त्यांच्यावरच लिहीन.