वाळवीच्या नकाशात आतून पोखरलेलं लाकूड दिसेल का?
शाळांच्या इमारतींना लागलेल्या वाळवीचा नकाशा करून नुकसानीचा खर्च मोजायचा, ही लेखातली कल्पना मनापासून पटली. काळजी एकच वाटते. वाळवी लाकूड आतून खाते, वरचा पातळ पापुद्रा आणि रंग तसाच राहतो. नुसत्या नजरेच्या पाहणीत चौकट धडधाकट दिसेल आणि ती शाळा नकाशावर सुरक्षित म्हणून नोंदली जाईल. लाकूड ठोकल्यावर पोकळ आवाज येतो का, जोत्यावरून मातीच्या नळ्या चढल्यात का, कोरड्या लाकडातल्या वाळवीची दाणेदार विष्ठा खाली पडलीय का, हे बघायलाच हवं. गळकं छप्पर, भिंतीतली ओल, आवारातले जुने बुंधे यांचीही नोंद घ्या, कारण जमिनीतल्या वाळवीला ओलावा लागतोच.

आणि खर्च म्हणजे फक्त दारं-खिडक्या नव्हेत! ग्रंथालयातली पुस्तकं, हजेरीपत्रकं, प्रवेशाची रजिस्टरं, सगळा कागद म्हणजे सेल्युलोजच, लाकडातला तोच पदार्थ जो वाळवी खाते. रजिस्टर गेलं तर माजी विद्यार्थ्याने शिकल्याचा पुरावा कुठून आणायचा? त्याची किंमत हिशेबात कशी धरणार, हे लेखात यायला हवं होतं. तपासणी मात्र छताच्या वाशांपासून सुरू करा, त्यांच्याखाली मुलं बसतात.