‘कॅफेवाल्याचं काय जातं?’ : एक स्टारच्या रिव्ह्यूला मालकाचं उत्तर

नमस्कार. आमच्या गेमिंग कॅफेत पाच तासांचं पॅकेज घेतलं, दोन तासांत उठवलं, हॅक नसताना ‘चीटर’ ठरवलं, आयडी मित्राची होती तर कॅफेवाल्याचं काय जातं, असं तुम्ही लिहिलंय.

हॅकचा, म्हणजे खेळात फसवणूक करणाऱ्या सॉफ्टवेअरचा, आरोप आम्ही केलेलाच नाही. व्हॅलोरंट या गेमचं हॅक पकडणारं व्हॅनगार्ड विंडोजबरोबरच सुरू होतं. हॅक सापडला तर आयडी जातेच, शिवाय मशीनवरही बंदी येऊ शकते, आणि मग दुसऱ्या दिवशी त्या पीसीवर बसणारा पोरगा विनाकारण अडकतो. तसं असतं तर आपलं बोलणं वेगळ्याच सुरात झालं असतं. तुम्हाला उठवलं ते बूस्टिंगसाठी, म्हणजे पैसे घेऊन दुसऱ्याच्या आयडीवर खेळून त्याची रँक वाढवून देण्यासाठी. एका बैठकीत तीन ‘मित्रांच्या’ आयडी, मॅच जिंकली की लगेच स्क्रीनशॉट, आणि ‘गोल्डपर्यंत एवढे, डायमंडचे वेगळे’ हे फोनवर इतक्या जोरात की आख्ख्या रांगेला तुमचे दर पाठ झाले. काउंटरवरच्या मुलाने आधी समज दिली होती. बूस्टिंग चालणार नाही, ही पाटीही तिथेच आहे. पुण्यात पाटी वाचायची राहून गेली, हे मात्र पटत नाही!

आता काय जातं ते. एका मॅचमध्ये दहा जण असतात. आयडी सिल्व्हर या खालच्या रँकची आणि हात इमॉर्टल या खूप वरच्या रँकचे, म्हणजे समोरच्या पाच जणांची अर्धा-पाऊण तास नुसती धुलाई. ते पाचही असेच तासाचे पैसे मोजून कुठेतरी बसलेले असतात, कधी आमच्याच हॉलमध्ये. पुढे आयडीचा खरा मालक डायमंड रँकच्या मॅचमध्ये उतरतो आणि स्वतःबरोबर चार जणांना बुडवतो. त्यात आमच्या स्पर्धेत ‘गोल्डपर्यंत’ असा वेगळा गट असतो. एंट्री फी भरणाऱ्या मुलांना रँकवर विश्वास ठेवता आला नाही, तर तो गट भरवून उपयोग काय? हरणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर एमबॉट (आपोआप नेम धरणारा हॅक) आणि भाड्याचा हात यांत मला फार फरक दिसत नाही.

‘सगळेच करतात’ म्हणता, पण दक्षिण कोरियात २०१९पासून बूस्टिंगचा धंदा गुन्हा आहे : २ वर्षांपर्यंत कैद किंवा २ कोटी वॉनपर्यंत दंड. हॅकबद्दल तर आपल्याकडचंच उदाहरण आहे. २०१८मध्ये शांघायच्या काउंटर-स्ट्राइक स्पर्धेत ऑप्टिक इंडियाच्या एका खेळाडूच्या पीसीवर ‘वर्ड’ नावाने लपवलेला हॅक सापडला. त्याच्यावर ५ वर्षांची बंदी आली, पण संघ तर लगेचच बरखास्त झाला. बाकीच्या चौघांनी काय केलं होतं?

उरलेल्या तीन तासांचे पैसे त्याच रात्री तुमच्या मेंबर खात्यात जमा केलेत, ते रिव्ह्यूत आलेलं नाही. यूपीआयवर परत हवे असतील तर पावती घेऊन काउंटरवर या. स्वतःच्या आयडीवर खेळायला कधीही या, अडवणार नाही. आणि त्या तिन्ही मित्रांना पासवर्ड बदलायला सांगा.