किडनीच्या रुग्णांच्या रक्तवाहिन्यांतला 'चुना' लिंबू-सोड्याने धुतला जात नाही

'किडनीच्या रुग्णांनो, नसांत साचलेला चुना घरच्या घरी धुऊन काढा' असा एक मेसेज सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. त्यात म्हटलंय की हा चुना दुधातून आणि कॅल्शियमच्या गोळ्यांतून येतो. लिंबाच्या पाण्यात खाण्याचा सोडा सकाळ-संध्याकाळ एकेक चमचा घेतला की चुना विरघळतो. तोवर बीपीच्या, कोलेस्टेरॉलच्या आणि फॉस्फरसच्या (म्हणजे फॉस्फरस कमी ठेवणाऱ्या) गोळ्या बंद ठेवायच्या, कारण 'त्याच किडनी खातात'. मिठाऐवजी पोटॅशियमचं मीठ, जोडीला व्हिटॅमिन के-टू, आणि तरीही फरक नाही पडला तर चिलेशनचं, म्हणजे कॅल्शियम बांधून बाहेर काढणाऱ्या औषधाचं, सलाईन.

असले मेसेज मी एरवी न वाचताच पुसून टाकते. पण हा माझ्या आत्याकडे पोचला. तिचा किडनीचा आजार चौथ्या टप्प्यात आहे, डायलिसिस अजून लागलेलं नाही. तिने कुणाला न सांगता तिन्ही गोळ्या बंद केल्या आणि लिंबू-सोडा सुरू केला. विचारलं तर म्हणाली, "अगं, तेवढंच गोळ्यांचं ओझं कमी झालं." पाय सुजले आणि बीपीचा वरचा आकडा १८०च्या पुढे गेला, तेव्हा कुठे घरात कळलं.

आधी जे खरं आहे ते मान्य करते. किडनीच्या जुनाट आजारात रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचतं, हे खरं. ते घातक असतं, हेही खरं. या रुग्णांपैकी बरेच जण डायलिसिसची वेळ येण्याआधीच हृदयविकाराने जातात. शिवाय कॅल्शियम असलेली फॉस्फरसची गोळी भरमसाट घेतली तर साचण्याला हातभार लागू शकतो. म्हणूनच २०१७च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत या गोळीचा डोस मर्यादित ठेवायला सांगितलं आहे, आणि सेवेलॅमरसारखी बिनकॅल्शियमची गोळीही मिळते. पण 'डोस डॉक्टरांना विचारून कमी करा' आणि 'गोळी बंद करा' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. नेहमीच्या आहारातलं कॅल्शियम मनाने तोडलं तर रक्तातली पातळी घसरते, मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथी जोरात कामाला लागतात आणि हाडांतून कॅल्शियम आणि फॉस्फेट (फॉस्फरसचंच शरीरातलं रूप) दोन्ही ओढून रक्तात आणतात. म्हणजे रक्तवाहिन्यांसाठी उलटंच.

आता त्या 'विरघळण्या'कडे येऊ. सगळा मेसेज याच्यावरच उभा आहे आणि सगळ्यात मोठी थापही हीच आहे. तो लिहिणाऱ्याला रक्तवाहिनी म्हणजे नळ वाटतो: आतून थर चढला, आंबट ओतलं, थर गेला. किडनीच्या आजारात कॅल्शियम मुख्यतः साचतं ते रक्तवाहिनीच्या भिंतीच्या मधल्या थरात. तिथल्या स्नायूपेशींना फॉस्फेटचा मारा सतत सोसावा लागला की त्या आपलं मूळ काम सोडून हाड बनवणाऱ्या पेशींसारख्या वागू लागतात आणि हाडात असतो तोच कॅल्शियम-फॉस्फेटचा क्षार भिंतीत रचू लागतात. एरवी हे रोखणारी प्रथिनं रक्तात असतात, ती या आजारात कमी पडतात. एखाद्या जुन्या रुग्णाच्या हाताचा एक्स-रे बघा. बोटांच्या हाडांच्या कडेने बारीक पांढऱ्या समांतर रेघा दिसतात, तारा ओढल्यासारख्या. एक्स-रेत एरवी न दिसणाऱ्या त्या रक्तवाहिन्या असतात. असा क्षार आंबटाने विरघळायचा तर रक्तच तेवढं आम्लधर्मी व्हायला हवं. रक्ताचा पीएच शरीर ७.३५ ते ७.४५ या चिंचोळ्या पट्ट्यात धरून ठेवतं. तो सातच्या खाली उतरला तर जिवावर बेततं. लिंबू पोटात जातं आणि तिथे आधीच त्याच्याहून कितीतरी जहाल आम्ल असतं.

आणि सोडा तर क्षारधर्मी! रक्त क्षारधर्मी झालं की कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळण्याऐवजी साका धरायला मदतच होते. शिवाय एका चमचा सोड्यात साधारण सव्वा ग्रॅम सोडियम असतं. दोन चमचे म्हणजे अडीच ग्रॅम, आणि किडनीच्या रुग्णाने दिवसभरात सगळं धरून दोन ग्रॅमच्या आत राहावं असं सांगितलं जातं. आत्याचे पाय उगाच नव्हते सुजले. 'डॉक्टरही सोडाच देतात' असं उत्तर येईल. देतात, ज्यांच्या रक्तात आम्लता वाढली आहे त्यांना, रक्तातल्या बायकार्बोनेटची (आम्लता आवरणाऱ्या घटकाची) तपासणी करून, मोजून, सूज आणि बीपीवर लक्ष ठेवून. त्याचा चुना धुण्याशी काही संबंध नाही.

फॉस्फरसचं तर मेसेजमध्ये कारण म्हणून नावही नाही, आणि बंद करायला सांगितलं तेच आतड्यात फॉस्फरस अडवणारं औषध. ही गोळी जेवणाबरोबरच घ्यायची असते, कारण तिचं काम ताटातला फॉस्फरस पकडणं हे आहे. उपाशीपोटी घेतली तर ती जवळपास वाया जाते. पाकिटबंद पदार्थांत आणि कोलासारख्या पेयांत वरून घातलेलं फॉस्फेट जवळजवळ सगळंच अंगात शोषलं जातं. डाळी-धान्यांतलं बरंच कमी. चुन्याची एवढी काळजी होती तर पाकिटावरच्या घटकांच्या यादीत 'फॉस्फ' शोधा, एवढं तरी लिहायचं.

'कोलेस्टेरॉलच्या गोळ्या किडनी खातात'? २०११ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात शार्प नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. किडनीचा जुनाट आजार असलेले ९,२७० लोक, त्यांतले ३,०२३ डायलिसिसवर. निम्म्यांना रोज सिम्वास्टॅटिन २० मिलिग्रॅम आणि एझेटिमाइब १० मिलिग्रॅम ही कोलेस्टेरॉलची औषधं, निम्म्यांना नुसती दिसायला तशीच, औषध नसलेली गोळी, आणि साधारण पाच वर्षं पाठपुरावा. औषध घेणाऱ्यांत हृदयविकाराचा झटका, मेंदूतल्या रक्तप्रवाहात अडथळा येऊन होणारा पक्षाघात, रक्तवाहिनी उघडण्याची शस्त्रक्रिया अशा घटना १७ टक्क्यांनी कमी झाल्या. किडनी आणखी बिघडल्याचं दिसलं नाही. सुधारलीही नाही, हे खरं, पण ही गोळी किडनीसाठी देतच नाहीत, ती हृदयासाठी असते. एक गोष्ट नाइलाजाने कबूल करावी लागते: डायलिसिस सुरू झाल्यावर नव्याने स्टॅटिन (सिम्वास्टॅटिनच्या जातीची गोळी) चालू केल्याचा फायदा आधीच्या दोन मोठ्या चाचण्यांत नीट दिसला नव्हता, म्हणून तिथे डॉक्टर सहसा नव्याने सुरू करत नाहीत. आधीपासून चालू असलेली मात्र चालू ठेवतात. आत्यासारख्या, पन्नाशी ओलांडलेल्या आणि डायलिसिसवर नसलेल्या माणसाला ती द्यावी, अशीच शिफारस आहे.

बीपीच्या गोळीबद्दलही असंच. काही गोळ्या, म्हणजे रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टनच्या जातीच्या, सुरू केल्यावर क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) थोडं वर जातं. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर चालवून घेतात, कारण किडनीच्या गाळणीवरचा दाब उतरल्याची ती खूण असते आणि पुढे तो उतरलेला दाबच किडनीला तारतो. आकडा वाढलेला बघून गोळी फेकणं धोक्याचं. ताठर झालेली महारोहिणी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, ठोक्यागणिक ताणली जात नाही, म्हणून वरचं बीपी चढतं, खालचं उतरतं, हृदयाची भिंत जाड होते आणि दोन ठोक्यांच्या मधे हृदयाला स्वतःला मिळणारं रक्त कमी पडतं. अशा माणसाची बीपीची गोळी बंद करायची?

पोटॅशियमचं मीठ: किडनीच्या रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय शिवूही नये. वर सांगितलेल्या बीपीच्या गोळ्यांनी पोटॅशियम आधीच वाढू शकतं, आणि ते फार वाढलं तर हृदय थांबू शकतं.

के-टू: कल्पना वेडगळ नाही, कॅल्शियम रोखणाऱ्या एका प्रथिनाला व्हिटॅमिन के लागतं. पण ब्रिटनमध्ये किडनीच्या रुग्णांना वर्षभर रोज ४०० मायक्रोग्रॅम देऊन पाहिलं, रक्तवाहिन्यांचा ताठरपणा कमी झाला नाही. रक्त पातळ करायला वॉरफरिन घेत असाल तर के-टूने त्याचा परिणामच मारला जाईल.

आणि चिलेशन. त्या सलाईनमधलं ईडीटीए हे औषध शरीराबाहेर पडतं ते किडनीतूनच, आणि ते रक्तातलं कॅल्शियम झपाट्याने खाली आणू शकतं. अमेरिकेत २००३ ते २००५ दरम्यान अशा उपचारात कॅल्शियम घसरून तीन जण दगावल्याची सरकारी नोंद आहे, त्यांत दोन लहान मुलं होती. आत्याकडे आलेल्या मेसेजच्या तळाशी याच सलाईनसाठी एक फोन नंबर दिलेला होता.

तुमच्या घरातल्या किडनीच्या रुग्णाकडे हा मेसेज पोचला असेल तर आज त्यांचा गोळ्यांचा डबा उघडून बघा. काय बंद केलंय आणि सोडा किंवा पोटॅशियमचं मीठ चालू आहे का, ते विचारा आणि लगेच त्यांच्या डॉक्टरांना कळवा. बीपी, पोटॅशियम आणि फॉस्फरस कधी तपासायचं ते डॉक्टर सांगतील. बंद केलेल्या गोळ्याही त्यांनाच विचारून परत सुरू करा.