सिगारेट सोडतोय म्हणणाऱ्याच्या सोबत राहा

'मनावर घेतलं की सुटते.' सिगारेटबद्दल हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहज बोललं जातं की कुणी त्याला आडवं जात नाही. आज मला जायचंय.

कराडात माझं मेडिकलचं दुकान आहे. निकोटिनची च्युइंगगम मागायला येणारी माणसं मी बरीच वर्षं बघतेय. बहुतेक जण एकटे येतात. दुकानातली गर्दी कमी व्हायची वाट बघतात, मग आवाज खाली करून 'ती सिगारेट सोडायची गोळी आहे का?' विचारतात, आणि पिशवीत नको, अशीच द्या म्हणून खिशात टाकतात. पाकीट विकत घेताना हीच माणसं टपरीवर सगळ्यांदेखत उभी असतात. ओढताना लाज नाही आणि सोडताना आहे, असं का? मी काहींना विचारलंय. उत्तर साधारण एकच येतं: 'घरी सांगितलं आणि नाही जमलं, तर जन्मभर ऐकून घ्यावं लागेल.'

माझ्या मते खरी अडचण इथे आहे. माणसाचं मन कमकुवत नसतं, त्याने एकट्याने लढावं अशी आपण व्यवस्था करून ठेवलेली असते.

आधी शरीरात काय होतं ते सांगते, कारण घरच्यांना ते माहीतच नसतं. धूर छातीत गेला की दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं. रोज, दिवसातून कित्येकदा, वर्षानुवर्षं. ते एकदम बंद झालं की पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात अवघड जातात. चिडचिड होते, झोप उडते, कामात लक्ष लागत नाही, सारखी भूक लागते, पोट साफ होत नाही, काहींना तोंड येतं. दोन ते चार आठवड्यांत यातलं बरंचसं ओसरतं. खोकल्याचं मात्र नीट समजून घ्या. सोडल्यावर काही आठवडे खोकला वाढू शकतो, कारण श्वासनलिकेतले अगदी बारीक केस, जे धुरामुळे निकामी झालेले असतात, ते पुन्हा काम करायला लागतात आणि साठलेला कफ वर ढकलतात. 'ओढत होतो तेव्हा बरा होतो, सोडली आणि खोकला लागला' असं म्हणत कितीतरी जण परत पाकिटाकडे वळतात. घरात एकाला जरी हे माहीत असेल, तर त्या वेळी त्याला थांबवता येतं.

अजून एक गोष्ट, जी मी प्रत्येकाला सांगते: चहा-कॉफी कमी करा. सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफिनचा निचरा भराभर करत असतं. धूर बंद झाला की तो वेग कमी होतो, आणि तेवढ्याच चहाने रक्तात कॅफिन जास्त साठतं. मग छातीत धडधड, हातपाय अस्वस्थ, रात्री डोळा लागत नाही. माणूस समजतो हे सगळं सिगारेट सोडल्यामुळे. निम्मा दोष चहाचा असतो. हाच परिणाम काही औषधांवरही होतो. दम्यासाठी डेरिफायलिनसारखी थिओफिलिनची गोळी चालू असेल किंवा मानसिक आजाराची काही औषधं चालू असतील, तर सिगारेट सोडताना डॉक्टरांना आधी सांगा, डोस बदलावा लागू शकतो.

आता या अवघड दिवसांत घरात काय चालतं बघा. 'माझ्या गळ्याची शपथ आहे तुम्हाला.' 'पोराच्या डोक्यावर हात ठेवून सांगा.' शर्टाचे खिसे तपासले जातात. दारातून आत येताच तोंडाचा वास घेतला जातो. भाऊ, मेहुणे, मावसभाऊ सडलेल्या फुफ्फुसाचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतात. अहो, ते चित्र त्याने पाहिलेलं आहे! २०१६ पासून पाकिटाचा ८५ टक्के भाग अशा चित्रांनी आणि इशाऱ्यांनी भरलेला असतो, आणि तो ते पाकीट रोज हातात धरत होता. त्याला भीती नवी नाही. शपथेने तर दुहेरी नुकसान होतं. ती मोडली की माणूस सिगारेट ओढल्याचं लपवायला लागतो, आणि लपवायला लागला की त्याला मदत करायचा रस्ताच बंद होतो. हे सगळं प्रेमापोटी होतं, मला मान्य आहे. पण प्रेमाने केलेला पहारा हाही पहाराच.

याउलट एक जोडपं माझ्या कायम लक्षात राहील. गृहस्थ शाळेत क्लार्क, पन्नाशीच्या आसपास. दोघं मिळून आले. गम कशी चघळायची ते मी सांगत होते आणि वहिनी त्यांच्यापेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकत होत्या. ही गम साध्या च्युइंगगमसारखी कचाकचा चावायची नसते. तशी चावली की निकोटिन लाळेतून पोटात जातं, उचकी लागते, मळमळतं, आणि माणूस म्हणतो 'मला सोसत नाही'. हळूहळू चावायची, जीभ चरचरायला लागली की थांबायचं आणि गाल व हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यायची. चरचर गेली की पुन्हा थोडी चावायची. अर्धा तास एक गम पुरते. गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असताना चहा, कॉफी, सरबत काही नको, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल, तर दोन मिलिग्रॅमची गम बहुधा कमी पडते. चारची हवी असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी आणायची. नुकताच हार्ट अटॅक येऊन गेला असेल किंवा बाई गरोदर असेल तर कोणतीही गम डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

हे सगळं ऐकून झाल्यावर वहिनींनी विचारलं, 'मॅडम, त्यांना तलफ आली की मी काय करायचं?'

इतकी वर्षं दुकानात उभी आहे, पण हा प्रश्न विचारणारी माणसं फार थोडी भेटली. मी म्हटलं, तलफेचा एक झटका काही मिनिटं टिकतो. तेवढी मिनिटं त्यांना एकटं बसू देऊ नका, बस. त्यांची सगळ्यात कठीण वेळ रात्रीच्या जेवणानंतरची होती. मग दोघं जेवण झालं की प्रीतिसंगमावर चालत जायला लागली. घाटाच्या पायऱ्या उतरायच्या, कृष्णा-कोयनेच्या काठाने फिरायचं, परत यायचं. चारच्या चहाऐवजी वहिनी ताक करायच्या. आणि त्यांनी एक प्रश्न कटाक्षाने टाळला: 'आज ओढली का?' त्याऐवजी 'आज कसं गेलं?' विचारायच्या. नंतर काका स्वतःच मला म्हणाले, 'ती विचारायची कसं गेलं, म्हणून मला खरं सांगता यायचं.' मध्ये एका लग्नात त्यांनी दोन सिगारेटी ओढल्या होत्या. घरी येऊन सांगितलं. वहिनी म्हणाल्या, बरं, उद्या सकाळी गम विसरू नका. त्यावर काहीही वाद नाही, रडारड नाही. आज ते ओढत नाहीत.

मित्रांबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण घरच्यांइतकंच त्यांच्या हातात असतं आणि त्यांना कुणीच काही सांगत नाही. आपल्याकडे टपरी ही फक्त सिगारेट ओढायची जागा नाही. कुठे जागा भाड्याने आहे, कुणाच्या मुलाला स्थळ बघतायत, साहेब कसा वागतोय, सगळ्या बातम्या तिथेच मिळतात. सोडणाऱ्याला सिगारेटबरोबर ही मंडळीही सोडावी लागली, तर तो किती दिवस टिकेल? म्हणून मित्रांनो, त्याला टाळू नका, चहाला बोलवा. पहिला महिनाभर त्याच्यासमोर पेटवू नका. आणि 'घे रे, एकाने काय होतंय' हे वाक्य तोंडातून काढू नका. त्याच्या सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवायला तेवढं एक वाक्य पुरतं.

सोडणं हे माणसांच्या घोळक्यात पसरतं, हे माझं नुसतं मत नाही. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम इथे हृदयविकाराचा एक फार जुना अभ्यास चालू आहे. त्यातल्या १२,०६७ माणसांची १९७१ ते २००३ पर्यंतची नाती आणि सवयी तपासून २००८ मध्ये एक निबंध प्रसिद्ध झाला. नवरा-बायकोपैकी एकाने सोडली, तर दुसऱ्याने ओढत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी कमी झालेली दिसली. मित्राने सोडली तर ३६ टक्क्यांनी, छोट्या कचेरीतल्या सहकाऱ्याने सोडली तर ३४ टक्क्यांनी, भावंडाने सोडली तर २५ टक्क्यांनी. माणसं सुटी सुटी नाही, गटागटाने सोडत होती. सख्ख्या भावापेक्षा शेजारच्या टेबलावरचा माणूस जास्त परिणाम करतो, हे वाचून मी थांबलेच होते. पण दुकानासमोरच्या रिक्षा स्टँडकडे बघितलं की ते पटतं. तिथल्या तिघांनी एकदम सोडायची ठरवली. तलफ आली की ज्याला आली त्याने ती मोठ्याने सांगायची, एवढाच नियम. मग दुसरा पाण्याची बाटली पुढे करतो किंवा 'चल, रिक्षा पुसू' म्हणतो. तिघांतला एक परत ओढायला लागलाय. पण बाकीच्या दोघांनी त्याला बाजूला टाकलेलं नाही, आणि तोही पुन्हा माझ्याकडे चौकशी करून गेलाय.

मोठ्या पातळीवर हेच काम गडचिरोलीत २०१६ पासून 'मुक्तिपथ'मार्फत दारू आणि तंबाखूविरुद्ध चाललंय. तिथे खर्ऱ्याचं, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाचं, व्यसन मोठं आहे, आणि तिथे नुसतं त्या एका माणसाला धरलं जात नाही, अख्खं गाव एकत्र बसून ठरवतं.

ज्याला घरात किंवा मित्रांत कुणीच नाही, त्याच्यासाठीही सोय आहे. पाकिटावर छापलेला नंबर कुणी वाचतच नाही म्हणून इथे लिहिते: १८००-११-२३५६. फोन फुकट आहे. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये २०१६ मध्ये ही सेवा सुरू झाली, नंतर मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्येही केंद्र झालं. समुपदेशक तुमच्याबरोबर सोडायची तारीख ठरवतात आणि नंतर स्वतः फोन करून चौकशी करतात. ते नंतरचे फोन मला सगळ्यात मोलाचे वाटतात. कुणीतरी विचारणार आहे, हे माहीत असलं की पाय घट्ट रोवता येतात.

'आता या वयात सोडून काय उपयोग' म्हणणाऱ्या काकांसाठी एक आकडा. ब्रिटनमधल्या डॉक्टरांचा १९५१ पासून पन्नास वर्षं पाठपुरावा झाला. साठीत सोडणाऱ्यांना साधारण ३ वर्षांचं आयुष्य परत मिळालं, पन्नाशीत सोडणाऱ्यांना ६, चाळिशीत ९. साठीतली तीन वर्षं म्हणजे नातवाचं बोट धरून त्याला शाळेत सोडायची तीन वर्षं.

आणि आता ज्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही, त्यांच्याबद्दल. महाराष्ट्रात बिडी-सिगारेट ओढणारे प्रौढ चार टक्क्यांच्याही खाली आहेत. तंबाखू खाणारे आणि लावणारे मात्र जवळजवळ चौथा हिस्सा, असं २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत दिसलं. त्यात मिश्री लावणाऱ्या बायका किती तरी. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, आणि सकाळ-दुपार-संध्याकाळ हिरडीवर घासायची. 'लावल्याशिवाय पोट साफ होत नाही' असं त्या सांगतात, आणि ते खोटं नसतं. आतड्याला निकोटिनची सवय लागलेली असते, म्हणून सोडल्यावर पहिले काही दिवस त्रास होतोच. भरपूर पाणी, पालेभाजी, लागलंच तर इसबगोल. पण व्यसन म्हणून घरात त्याचं नावच कुणी घेत नाही, मग सोडल्याचं कौतुक कोण करणार? नवऱ्याने सिगारेट सोडली की चार पाहुण्यांना सांगितलं जातं. बाईने मिश्री सोडली तर ते कुणाच्या ध्यानातही येत नाही.

आमच्या गल्लीतल्या दोघी जावांनी मिळून मिश्री भाजायची बंद केली. मला इसबगोल घेताना थोरलीने सांगितलं. मी विचारलं, घरात सांगितलंत का? म्हणाली, 'कशाला ताई, हसतील.' मी काउंटरच्या बाहेर येऊन तिचा हात धरला आणि म्हटलं, फार मोठं काम केलंत तुम्ही दोघींनी. तिला काय बोलावं सुचेना.

वर दिलेला नंबर मिश्रीसाठी आणि तंबाखूसाठीही चालतो. आईला, आजीला, सासूबाईंना स्वतः फोन लावता येत नसेल तर तुम्ही लावून द्या, आणि त्यांचं बोलणं होईपर्यंत शेजारी बसा.